मोठे आजोबा युद्धावर गेले ते आलेच नाहीत. त्यांची जागा कुठे शोधायची?

गोधडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. आम्ही त्यांना मोठे आजोबा म्हणतो; पाहिलेलं आता कुणीच उरलं नाही. गाव पाटण तालुक्यातलं, जिल्हा सातारा. घरात ऐकीव माहिती एवढीच की ते "जंगी पलटणीत" होते, शेवटचं पत्र बसऱ्याहून आलं आणि मग बऱ्याच महिन्यांनी तार आली. ती तार पणजीने पत्र्याच्या पेटीत जपली होती. १९६७च्या कोयनेच्या भूकंपात घर बसलं, पेटी त्याखाली गेली. फोटो नाही. एक पदक होतं, ते कुठल्याशा अडचणीच्या वर्षी मोडीत गेलं म्हणतात. त्याची फीत मात्र पणजीने पोथीत खुणेसाठी घातली होती, ती अजून आहे.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचं एकच टुमणं: "त्यांना पुरलं का जाळलं, आणि कुठं, एवढं मला सांग." मरणाची तारीखच माहीत नसल्यामुळे आमच्याकडे त्यांचं पान सर्वपित्रीलाच ठेवतात.

एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. दोनदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा "नंबर आणा मग बघू". नंबर असता तर मी आले कशाला असते?

कुणी असा शोध घेतलाय का? सुरुवात कुठून करायची?

शिळोप्याचा_ओटा

बसरा म्हणजे पहिलं महायुद्ध असणार. इराकमध्ये कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या पलटणी अडकल्या होत्या, १०३वी, ११०वी आणि ११७वी. २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं आणि जे वाचले ते तुर्कांच्या कैदेत गेले. आमच्या भागात अजून म्हाताऱ्या "बसऱ्याच्या लढाईला" गेलेल्यांच्या गोष्टी सांगतात. वर्ष एकदा तपासून पाहा.

गोधडी

नाही हो, दुसरंच. आजोबांपेक्षा ते सहा वर्षांनी मोठे आणि आजोबांचा जन्म १९२५चा. कूतला जायला त्यांना आधी जन्माला यावं लागलं असतं.

शिळोप्याचा_ओटा

शब्द मागे. ओटा झाडतो.

जुने_कागद

सुरुवात घरबसल्या करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची यादी आहे, सुमारे १७ लाख नावं, शोधायला पैसे पडत नाहीत. ही संस्था १९१७ची. तेव्हा नावात कॉमनवेल्थऐवजी इम्पीरियल होतं. दुसऱ्या युद्धासाठी ते ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ असा काळ धरतात. म्हणजे लढाई संपल्यावर नोकरीतच आजाराने गेलेलाही त्यात सापडतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, १९४५ला येऊन थांबतात.

आता खरी मेख. आपल्याकडचं अख्खं नाव तिथे बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यातच असतं. नाव एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे असं टाकलंत तर हाती शून्य. दुसरं म्हणजे रेजिमेंटचं स्पेलिंग जुनं आहे: एम ए एच आर ए टी टी ए, "मह्राट्टा". आजचं मराठा टाकून शोधाल तर जन्मभर शोधाल. तिसरं, नावं साहेबाच्या कानाने लिहिलेली. सखारामचे दोन तुकडे होतात, विठोबाच्या शेवटी एच चिकटतो, शिंदेचं सिंदे होतं. जितकी रूपं सुचतील तितकी टाका. एकदा माणूस सापडला की हुद्दा, नंबर, पलटण, तारीख, आणि नशीब असेल तर बापाचं नाव नि गाव, सगळं एका पानावर मिळतं.

गोधडी

धन्यवाद! टाकून पाहिलं. पहिल्यांदा काहीच नाही. मग फक्त पहिलं नाव आणि "मह्राट्टा" टाकलं तर इतके जण निघाले की चहा गार झाला. निम्म्यांच्या पुढे सातारा जिल्हा आहे, गाव नाही. आता?

टवाळ_पोर

साताऱ्यात दगड मारला तरी फौजीला लागतो. त्यात नावं ठेवताना सगळ्यांना तीच चार नावं सुचायची.

खडकीवाला

मी आमच्या आजोबांच्या चुलत्यांना शोधत खडकीच्या वॉर सिमेटरीत गेलो होतो. माझा समज असा की पुण्यातली पलटण, पुण्यातलीच जागा. दारापाशी भिंतीत छोटा कप्पा असतो, त्यात नावांची वही ठेवलेली असते. चाळली. दुसऱ्या युद्धाच्या सोळाशेच्या वर कबरी आहेत, बहुतेक गोऱ्या पोरांच्या. वय १९, वय २०, वय २२. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात विखुरलेल्या कबरी नंतर तिथे एकत्र आणल्या. आफ्रिकेतून आलेले शिपाईही आहेत. आमचे चुलते अर्थातच नव्हते. माळीबुवांनी विचारलं, "हिंदू का?" म्हटलं हो. म्हणाले, "मग इथं कशाला शोधता? त्यांना जाळलं असंल जिथल्या तिथं." एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तासभर उगाच फिरलो. गवत मात्र काय राखलंय!

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण हा खटाटोप कशासाठी? आपल्यात कबर नसते. सर्वपित्रीला पान ठेवता, तिथे विषय संपला. साहेबाच्या लढाईत साहेबासाठी मेलेल्या माणसाचं नाव साहेबाच्याच वहीत शोधायचं आणि सापडलं की धन्य व्हायचं, हे मला पटत नाही.

टवाळ_पोर

आला. मी म्हणतच होतो अजून कसा आला नाही.

आंबोली_घाट

स्पष्टवक्ता, तुमच्या मताचा आदर आहे, पण "विषय संपला" म्हणणारे आपण कोण?

माझ्या आईचे वडील सर्व्हिस कोअरमध्ये होते. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा तिथेच होते. घरी आलेल्या कागदावर एकच शब्द होता, बेपत्ता. मेला म्हटलेलं नाही, म्हणून आजीने मंगळसूत्र काढलं नाही. सासूने बोलून पाहिलं, भावाने बोलून पाहिलं. गावात कुणीतरी उठवलं की ते नेताजींच्या फौजेत गेलेत, येतील. आजी १९८८मध्ये गेली, ती सवाष्ण म्हणून गेली. तिची ओटी भरली, हिरवं नेसवलं.

२०१४मध्ये मावसभावाला त्यांचं नाव सिंगापूरच्या क्रांजीच्या स्मारकावर सापडलं. तिथे कबर न सापडलेल्यांची २४ हजारांहून जास्त नावं आहेत. तारीख १९४३ची. म्हणजे आजी ४५ वर्षं वाट बघत होती. साहेबाच्या वहीत नाव शोधून आम्ही काही धन्य झालो नाही. पण ती वही आजीला कुणी वेळेवर वाचून दाखवली असती तर तिने काय ठरवलं असतं ते तिचं तिने ठरवलं असतं.

स्पष्टवक्ता

हे वाचून गप्प बसतो. मत बदललेलं नाही, पण गप्प बसतो.

पोळी_भाजी

वाचतेय. आंबोली_घाट, काय बोलावं.

निवृत्त_सुभेदार

गोधडीताई, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहिलंय आणि सगळे त्यावरून उडी मारून पुढे गेले.

"जंगी पलटण" हे कौतुकाचं विशेषण नाही. ते पलटणीचं नाव आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनला जंगी पलटण म्हणतात, दुसरीला काली पाँचवीं. आजही म्हणतात. तुमच्या पणजीने जे ऐकलं ते शब्दशः जपलंय. तेव्हा यादीत १/५ मह्राट्टा, म्हणजे पाचव्या मह्राट्टा रेजिमेंटची पहिली बटालियन, एवढंच धरा, बाकीच्या बटालियन गाळा.

आता बसरा. ही बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ती डिव्हिजन आधी इराक-इराणच्या बाजूला होती आणि सप्टेंबर १९४३मध्ये इटलीला उतरली. पत्र बसऱ्याहून आलं असेल तरी माणूस तिकडेच गेला असं धरू नका. पत्र शेवटचं होतं, मुक्काम शेवटचा नव्हता. नोव्हेंबर-डिसेंबरात एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला सांग्रो नदीवर मोठी लढाई झाली. पाऊस, चिखल, नदीला पूर. पुढे एप्रिल १९४५मध्ये सेनियो नदीवर याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

ती पोथीतली फीत कशी आहे? रंग सांगा.

गोधडी

सुभेदारसाहेब, अंगावर काटा आला. आम्ही आजवर "जंगी" म्हणजे मोठी असंच समजत होतो!

आत्याला फोन करून पोथी काढायला लावली. ती म्हणते कडेला तांबडी, मग मळकी पांढरी, मधे शेवाळी, मग परत पांढरी नि तांबडी. पट्टे सारख्याच रुंदीचे. मधल्या पट्ट्यावर तेलाचा डाग.

निवृत्त_सुभेदार

मधे हिरवा, बाजूला पांढरे, कडेला लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग. इटली स्टार या पदकाची फीत. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची असते, मधे जाड लाल पट्टा आणि दोन बाजूंना निळ्या रेघा. ब्रह्मदेशाची निळी, लाल आणि नारिंगी. तुमचे मोठे आजोबा इटलीला पोचले होते.

टवाळ_पोर

ऐंशी वर्षं पोथीत पत्ता होता आणि वाचत होते अध्याय.

जुने_कागद

टवाळा, आज पहिल्यांदा कामाचं बोललास.

मुंग्यांची_रांग

अवांतर होईल, पण खलाशांचं काय? माझे पणजोबा दाभोळकडचे, बोटीवर कोळसा ओढायचे. १९४२मध्ये बोट पाण्यात गेली. आम्ही मुसलमान, दफन व्हायला हवं होतं, पण समुद्रात कसली कबर? दादी दर वर्षी बंदरावर जाऊन फातिहा पढायची.

जुने_कागद

@मुंग्यांची_रांग, अवांतर मुळीच नाही. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातल्या हिंदी नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या माणसांची नावं मुंबई आणि चितगाव या दोन्ही ठिकाणच्या नोंदवह्यांत मिळून आहेत. कमिशनच्या संकेतस्थळावरही तीच यादी आहे. बोटीचं नाव माहीत असेल तर काम अर्धं झालं. आणि तुमच्याकडच्या नावांची तर साहेबाने मराठ्यांहून वाट लावलीय, तेव्हा स्पेलिंगचा हट्ट नको.

मुंग्यांची_रांग

बोटीचं नाव घरात सगळ्यांना पाठ आहे. शुक्रिया. बघतो आणि इथेच लिहितो.

पाराखाली

पहिल्या युद्धातल्यांना शोधणाऱ्यांसाठी एक सांगतो, कारण मी त्यात पोळलोय. बसऱ्याच्या स्मारकावर सुमारे ४० हजार माणसांची नोंद आहे. पण गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरलेली, आपल्या साध्या शिपायांचा फक्त आकडा. अमुक पलटण, तमुक इतके. नावं आहेत, पण वहीत. २०२१मध्ये कमिशनच्याच समितीने अहवाल देऊन हा भेदभाव कबूल केला. ४५ ते ५४ हजार जणांना असमान वागणूक मिळाली, आणि किमान एक लाख १६ हजार जणांची नावाने नोंदच नाही, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत. त्यातले बरेच आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. तेव्हा यादीत नाव मिळालं नाही म्हणजे माणूस मेलाच नाही असा अर्थ काढू नका. ते स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७मध्ये उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं.

आमच्याकडे काशाची थाळी म्हणून एक तबकडी होती. हाताच्या पंजाएवढी, त्यावर बाई आणि सिंह. आजी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायची. मी कॉलेजात गेल्यावर काठावरचं नाव वाचलं, तर ते खापरपणजोबांचं. पहिल्या युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने अशी तबकडी पाठवली होती. तिच्यावर हुद्दा नसतो, मुद्दाम. सुभेदार आणि शिपाई दोघांनाही सारखीच. भिंतीवर नाव कोरायला मात्र जागा नव्हती.

स्पष्टवक्ता

पाराखाली, हेच मी म्हणत होतो.

पाराखाली

हेच नाही. तुम्ही म्हणालात शोधू नका. मी म्हणतोय भांडून शोधा.

शिळोप्याचा_ओटा

गावात चौकशी करताना चावडीची भिंतही बघा. कोकणात आणि साताऱ्याकडे कितीतरी गावांत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या लढाईला गेले, त्यांतले इतके कामी आले. नावं नसतात. आमच्या गावची पाटी चुन्याच्या सात थरांखाली होती. रंगारी म्हणाला, "ह्ये काय, नळाच्या फरशीगत लागतंय."

पोळी_भाजी

धागा वर काढतेय. गोधडी कुठे आहे? आम्ही इथे जीव टांगून बसलोय.

गोधडी

आले. उशिराबद्दल सॉरी, आत्या दवाखान्यात होती. आता बरी आहे.

१/५ धरल्यावर त्या नावाचे दोनच उरले. दोघेही शिपाई, दोघेही सातारा. एकाच्या पुढे बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं होतं, गावाचं नाव मात्र भलतंच, जीभ वळणार नाही असं. दुसऱ्याच्या पुढे गाव जवळपास आमचं, पण बापाचं नाव वेगळं. दोन रात्री झोप नाही. बाबा म्हणाले गावावरून धर, काका म्हणाले बापावरून धर. भावाभावांत तेवढ्यावरून दोन दिवस अबोला.

शेवटी आत्याला दोन्ही पानं वाचून दाखवली. पहिल्या पानावर खाली होतं, अमुकचा नवरा. ते बायकोचं नाव मी वाचलं, साहेबी उच्चारात, आणि आत्या ताडकन म्हणाली, "ही आमची काकी. माहेरी गेली ती, दुसरं घर केलं तिनं." त्यांचं लग्न झालं होतं हे आमच्या पिढीत कुणाला माहीतच नव्हतं! त्या बाईचं नाव घरात ऐंशी वर्षं कुणी काढलं नाही आणि ते परदेशातल्या वहीत नीट लिहून ठेवलेलं. गावाच्या नावाचाही उलगडा झाला. मोठ्याने म्हणून पाहिलं तर आमच्याच वाडीचं नाव, फक्त वाडी आधी आणि गाव नंतर, दोन्ही जोडून.

डिसेंबर १९४३, तिसरा आठवडा. वय २४. सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल, इटली.

निवृत्त_सुभेदार

ताई, सॅल्यूट.

आत्यांना सांगा, जाळलंय. सांग्रो नदीजवळच्या त्या कबरस्तानातच हे स्मारक आहे आणि त्यावर अग्नी दिलेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. इटलीत अशी तीन ठिकाणं, बाकीची दोन फोर्ली आणि रिमिनीला. हे मिळालं यात समाधान माना. खुद्द यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ला इटलीतच पडले. माणगावला त्यांचा पुतळा आहे, मोंतोने गावात २०२३मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं, पण त्यांची जागा कुणालाच माहीत नाही. नाव कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे, जागा न सापडलेल्यांबरोबर.

आता नंबर मिळालाय तर तो घेऊन बेळगावला रेजिमेंटल सेंटरला लिहा. आणि हो, त्या कार्यालयातही जा. साहेब रजेवरून आले असतील.

आंबोली_घाट

गोधडी, काकींचं पुढे काय झालं? त्यांच्या घरचं कुणी असेल ना?

गोधडी

तेच आता डोक्यात आहे. आत्याला माहेरचं गाव आठवतंय. त्यांना मुलंबाळं झाली असतील तर त्यांना हे सांगावं की नाही, यावर घरात नवीन वाद सुरू झालाय.

पोळी_भाजी

तिथी निघाली का?

गोधडी

मार्गशीर्ष वद्यातली. गुरुजी म्हणाले, इटलीतला सूर्योदय धरायचा की इथला, त्यावर एखादा दिवस इकडेतिकडे. आत्या म्हणाली, "पान इथं मांडायचंय का तिथं?" इथला धरला.

टवाळ_पोर

आणि सर्वपित्री बंद?

गोधडी

विचारलं मी. म्हणाली, "इतकी वर्षं त्या दिवशी येऊन जेवायची सवय लागली असंल. दोन्ही ठेवू."

उंबराचं_फूल

मी नेहमी फक्त वाचते, आज खातं उघडून लिहितेय. मी इटलीत बोलोन्याला असते. सांग्रो इथून लांब आहे, पण ईस्टरच्या सुट्टीत त्या बाजूला जाणार आहे. नाव शोधून फोटो काढून आणू शकते. नाव नेमकं कसं लिहिलंय ते कळवाल का?

गोधडी

कळवते की! व्यक्तिगत निरोपात पानाचा फोटो पाठवलाय. नाव आमच्या डोक्यात आहे तसं शोधू नका, मधे तोडलंय आणि आडनावातलं एक अक्षर खाल्लंय. आत्याने एक विचारायला सांगितलंय: फुलं वाहिलेली चालतात का तिथे, की नुसता हात लावायचा?

उंबराचं_फूल

फुलं चालतात. कुठली न्यायची ते आत्यांना विचारून ठेवा.